अत्तराच्या कुपीतलं औषध

माझ्या औषधांच्या दुकानात चाचा शिरले की आधी काउंटरवर एक प्लास्टिकची पिशवी यायची. तिच्या तोंडाला सुतळीची गाठ. आत आणखी एक पिशवी, तिलाही गाठ. दोन्ही सुटेपर्यंत मागच्या गिऱ्हाइकाने थांबायचं. मग कागद बाहेर निघायचे आणि चाचा म्हणायचे, "आधी कागद बघ बाय, मगे माणूस."

कागदावर अशी श्रद्धा असलेला एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. चाचांची श्रद्धा दर्यावर घडली होती. तीसेक वर्षं ते मालवणच्या एका ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची. परवाना, खलाशांची ओळखपत्रं, डिझेलची वही, सगळं अशाच दोन पिशव्यांत. गस्तीची बोट दिसली की इतर तांडेल आधी हात वर करत, चाचा पिशवी वर करत.

बायको गेली, मुलगा दुबईला, आणि साखरेच्या आजाराने चाचांचे तळपाय पेटायला लागले. "निखाऱ्यार उभो आसंय," असं ते हसत सांगायचे, पण रात्रीची झोप गेलेली डोळ्यांत दिसायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्यांना भोवळ यायची. दोनदा अंगणात पडले. शेवटी कुडाळच्या एका वैद्यांनी विजयेच्या तेलाचे थेंब लिहून दिले. विजया म्हणजे भांगच. हे औषध वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. चिठ्ठी पाठवून मी ते कंपनीकडून मागवून द्यायची.

पहिली बाटली हातात घेऊन चाचांनी विचारलं, "ही नशा की दवा?"

"थेंब मोजून घेतलात तर दवा."

"मौलवीसायबांक इचारलंय. ते म्हणाले, डॉक्टराक इचार. डॉक्टर म्हणालो, वैद्याक इचार. वैद्य म्हणालो, दुकानात इचार. आता तू माका खंय धाडतंस?"

मी कुठे धाडलं नाही. स्वतःच फोन केले आणि चाचांपेक्षा जास्त गोंधळले. केंद्राच्या कायद्यात त्या झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, त्याला कडक बंदी. नुसती पानं त्यात मोडत नाहीत, पण पानांना राज्याचा परवाना लागतो. औषध झालं की ते आणखी तिसऱ्याच खात्यात जातं. एका कचेरीत मला सांगितलं, "चिठ्ठी आहे ना? मग काही नाही." दुसऱ्या कचेरीत सांगितलं, "हा विषय आमच्याकडे येत नाही." लेखी द्या म्हटल्यावर दोन्हीकडे फोन ठेवले.

चाचांना हे मी काउंटरवर बोट फिरवत समजावलं. त्यांनी विचार केला. "पावसाळ्यात दोन महिने जाळी टाकूक बंदी. दर्यो तोच, बांगडो तोच. तारीख बदलली की गुन्हो. तसा काय?"

"जवळपास तसंच."

"मगे समाजला," ते म्हणाले. मला मात्र अजून समजलेलं नाही.

जे मला समजत होतं तेवढं मी त्यांच्याकडून करून घेतलं. बाटली, बिल आणि चिठ्ठी एकत्र ठेवायची. चिठ्ठी जुनी झाली की वैद्यांकडे जायचं. लेबलवर उत्पादकाचा परवाना क्रमांक नसेल तर ती वस्तू घरात घ्यायची नाही. एकदा मुंबईच्या पुतण्याने त्यांना इंटरनेटवरून विजयेच्याच रंगीत जेलीच्या गोळ्या पाठवल्या. पाकिटावर पुढे ठळक अक्षरांत 'पूर्ण कायदेशीर' आणि मागे परवाना क्रमांक नाही, पत्ता नाही, किती मात्रा तेही नाही. मी म्हटलं, "चाचा, ह्यो परत धाडा." चाचांनी पाकीट उलटंपालटं केलं. "जो आपणच आरडता कायदेशीर, कायदेशीर, तेच्या होडयेत मी चढणंय नाय," म्हणाले आणि परत पाठवलं.

मग मुलाने तिकीट काढलं. नात दोन वर्षांची होत आली होती आणि चाचांनी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. जाणं एकदा पायांमुळेच लांबलं होतं. आता तीन महिन्यांचा मुक्काम ठरला.

मी तिकडचे नियम शोधून वाचले, मुलालाही तिथे चौकशी करायला लावली. उत्तर एकच आलं. या झाडाचं काहीही तिकडे न्यायचं नाही, मग ते तेल असो की गोळी. आपल्या वैद्यांची चिठ्ठी तिथे चालत नाही. सापडलं तर थेट अटक.

चाचांना हे पटेना. "माझ्याकडे कागद आसत."

"ते हयचे कागद, चाचा."

"बाटली तीच. मी तोच. विमानात बसलंय म्हणून चोर झालंय?"

मी म्हटलं, "होय."

दोन दिवसांनी ते खुशीत आले. पिशवीच्या गाठी सोडल्या. आतून कागदाची घट्ट गुंडाळी निघाली आणि गुंडाळीत अत्तराची निळी कुपी. कुपीत ते तेल. वरून गुलाबाचे चार थेंब टाकलेले, दुकानभर वास सुटला. आणि ती गुंडाळी कसली? तर वैद्यांची चिठ्ठी, बिल आणि सोलून काढलेलं बाटलीचं लेबल.

"ह्या काय केल्यात?" मी ओरडले. "लपवायचा होता तर कागद कित्याक? आणि कागद दाखवायचे तर लपवलात कित्याक?"

"दोन्ही बाजूंनी सोय," चाचा म्हणाले.

मला हसू आलं, ते दाबून मी त्यांना बसवलं आणि समजावलं. आता हे औषध राहिलं नाही, लेबल नसलेल्या कुपीत तेल आहे, एवढंच. इथल्या पोलिसालासुद्धा पटवता येणार नाही. जायला तीन आठवडे आहेत. आजच वैद्यांना आणि डॉक्टरांना विचारा आणि थेंब बंद करा, कारण याचा अंश अंगात बरेच दिवस राहतो आणि तिकडे तपासतात.

"आणि पाय?"

"पाय तुमचे. तुरुंगही तुमचोच."

बोलून गेले आणि मलाच ते लागलं. चाचांनी कुपीचं बूच घट्ट केलं. मग म्हणाले, "तू काय केलं असतंस बाय?"

कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे मी झोपेत सांगू शकते. हे नाही सांगता आलं.

त्यांनी कागद सरळ करून परत पिशवीत घातले. कुपी मात्र उचलली, दुकानामागच्या मोरीत नेली आणि ओतून दिली. तशी औषधं मोरीत ओतायची नसतात, पण मीच वरून पाणी सोडलं. तीन आठवड्यांनी ते रिकाम्या हातांनी गेले.

तीन महिने कधीच संपले. मुलाने मुक्काम वाढवून घेतलाय. गेल्या आठवड्यात त्याने मला एक फोटो पाठवला. चाचा गॅलरीत खुर्चीवर बसलेत, पाय पाण्याच्या टबात. नात टबाच्या कडेला उकिडवी बसून छोट्या मगाने त्यांच्या घोट्यांवर पाणी ओतते आहे. चाचांची मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं.

मी मुलाला विचारलं, "झोप लागते का त्यांना?"

"रात्रीची नाय," तो म्हणाला. "ह्या पोर पाणी ओतता, तेवढो वेळ लागता."