दाजींचे दोन वाघ

लहान मुलांशी खेळताना मोठी माणसं मुद्दाम हरतात. आमचे दाजी हरत नसत. समोर पाच वर्षांचं पोर असो की गावचा सरपंच, ते सारख्याच निर्दयपणे खेळत. डाव संपला की मारलेल्या बकऱ्या बोटाने समोरच्याकडे ढकलत आणि एवढंच म्हणत, "परत मांड."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आम्ही दाजी म्हणायचो म्हणून माझी पोरंही दाजीच म्हणायची. जाफराबादकडच्या एका खेड्यात त्यांची कापूस-सोयाबीनची शेती होती आणि घराच्या ओट्यावर, एका मोठ्या फरशीत, छिन्नीने कोरलेला वाघ-बकरीचा पट होता. खेळ समजायला सोपा. एका गड्याचे दोन वाघ, दुसऱ्याच्या पुष्कळ बकऱ्या. एकटी सापडलेल्या बकरीवरून वाघाने उडी मारली की ती मेली. बकऱ्यांनी एकमेकींच्या पाठीशी उभं राहून दोन्ही वाघांना हलायला जागा ठेवली नाही, की वाघ कोंडले. बकऱ्या म्हणजे चिंचोके. वाघ म्हणजे नदीतले दोन काळे, गुळगुळीत गोटे. ते कायम दाजींच्या सदऱ्याच्या खिशात असत. "जो कोंडील, वाघ त्याचे," असा त्यांचा नियम होता. माझ्या माहितीत ते कोणालाच मिळाले नव्हते.

मलाही नाही. शाळेला सुट्टी लागली की आई मला अक्काकडे धाडायची आणि अख्खा उन्हाळा मी त्या फरशीवर हरायचो. "तुला घाई लई," दाजी म्हणायचे. "बाजार उठायच्या आत माल खपवायचा असल्यावानी खेळतो." एकदा मी एक वाघ कोंडला, दुसरा कोंडायला एक घर उरलं होतं, आणि तेवढ्यात माझी एक बकरी एकटी पडली. दाजींनी तिच्यावरून उडी मारून सगळा पट मोकळा केला. मी रडलो. ओट्यावर चार माणसं बसली होती. त्यांच्या देखत दाजी म्हणाले, "रडून घे निवांत. मंग परत मांड."

ती चार माणसं हसली. त्यांतले दोघे आज हयात नाहीत, पण त्यांचं हसू मला अजून ऐकू येतं.

पुढे मी जुने ट्रॅक्टर घेऊन, दुरुस्त करून विकायचा धंदा सुरू करायला निघालो, तेव्हा दाजींचा रस्त्याकाठचा पडीक तुकडा मागितला. नुसता उभं राहण्यापुरता. दाजींनी मान हलवली. "तिथं लोखंड उभं राहणार न्हाई. तुझी जागा तू हुडक." मी हुडकली, जालन्यात. आज माझं आवार रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतं. लोक म्हणतात, दाजींनी नकार दिला म्हणून तू एवढा झालास. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ज्यांना कोणी नकार दिला नाही अशी माणसंही मोठी झालेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना रात्री नीट झोप लागते. दाजींनी माझ्या आवारात कधी पाऊल टाकलं नाही.

तरी मे महिना आला की माझी पोरं तिथेच जायची. "भांडण तुमचं, सुट्टी लेकरांची," असं माझी बायको सुनीता म्हणायची आणि बॅगा भरायची. श्रेया मोठी, ओम धाकटा. तिथे गेलं की त्यांना मोबाइल आठवत नसे. सकाळी विहिरीच्या मोटारीच्या धारेखाली अंघोळ, मग पाण्याच्या बादलीत घातलेले आंबे, मग माळवदावर वाळत घातलेल्या कुरडयांची राखण. राखणीला बसलेली पोरं कावळ्यांपेक्षा जास्त कुरडया खात. आणि दुपारी, ऊन इतकं पेटायचं की कुत्रंही सावली सोडत नसे, तेव्हा ओट्यावर दाजींसमोर डाव. ओम हरला की भोकाड पसरून अक्काच्या पदरात जायचा. श्रेया रडत नसे. तिने एका खोक्याच्या झाकणावर पेनाने पट काढून घेतला होता. शाळेच्या दिवसांतही ती त्यावर एकटीच खेळायची, दोन्ही बाजूंनी. "पप्पा, यंदा मी कोंडणार," असं तिने मागच्या उन्हाळ्यात तिकडे जाताना गाडीत सांगितलं. तिच्या तोंडून ते ऐकून मला जे झालं ते कौतुक नव्हतं. माझ्या आतलं काहीतरी ताठ उभं राहिलं.

पण मागच्या उन्हाळ्यात दाजी वेगळेच होते. दोन्ही किडन्या गेल्या होत्या, म्हणून त्या वर्षी पोरांबरोबर मी आणि सुनीताही तिथे राहिलो. आठवड्यातून दोनदा जालन्याला मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागायचं. मी गाडी पाठवतो म्हटलं, तर म्हणाले, "एसटी हाये की बराबर." ती एसटी माझ्या आवारावरूनच जायची. ते कधी उतरले नाहीत. त्यांना पाणी मोजून मिळायचं. दिवसभराचं पाणी अक्का सकाळी एका छोट्या तांब्यात भरून ठेवायची. तो संपला की संपला. आमच्याकडचा मे आणि माणसाला पाणी मोजून! पोरं त्यांच्यासमोर पाणी प्यायची नाहीत, आत जाऊन प्यायची. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. माझा धंदा माणसाचा चेहरा वाचण्याचा आहे. विकणारा कधी मोडला हे त्याच्या आधी मला कळतं. कोणी टोपी सारखी करतो, कोणी उगाच टायरला लाथ मारतो. दाजींचा चेहरा मात्र फरशीसारखा होता. लहानपणापासून मला त्यांची एकच खूण सापडली होती. डावात खरोखर अडचणीत आले की ते पाणी मागायचे. मी एक वाघ कोंडला होता त्या दिवशीही त्यांनी अक्काला हाक मारून पाणी मागितलं होतं.

आम्ही परत निघणार त्याच्या आदल्या दिवशी अक्काने मला स्वयंपाकघरात बोलावलं. चूल नव्हती पेटलेली, तरी ती तिच्यापुढे बसली होती.

"डॉक्टर म्हणले, पुढच्या उन्हाळ्याचं धरू नका," ती म्हणाली. "तुझी पोरगी लई हुशार खेळून राह्यली. मी बघते ना रोज. तिला सांग, जिंकू नको म्हणावं. त्यांचं एवढं एकच राह्यलंय."

"मला सोडलं होतं का त्यांनी कधी?"

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, तू अजून तिथंच बसलाय व्हय? त्याच ओट्यावर?"

मी उठून बाहेर आलो. मी श्रेयाला काही सांगितलं नाही. पण अक्काने सांगितलं, हे मला दुपारी कळलं. डाव मांडताना पोरगी माझ्याकडे बघत नव्हती.

त्या दुपारी वारा नव्हता. लाइट गेली होती, म्हणून सगळं घर ओट्यावर आलं होतं. अक्का दारात डाळ निवडत होती, सुनीता तिच्याजवळ, ओम माझ्या मांडीवर. दाजी भिंतीला टेकून बसले होते. हाताला मशीनच्या सुयांची पट्टी. श्रेयाने बकऱ्या जोडीजोडीने पुढे आणल्या. तिला माझ्यासारखी घाई नव्हती. दाजींनी दोन बकऱ्या मारल्या, तिने भोक बुजवलं. तिसरी मारली, तिने पुन्हा बुजवलं. मग कोपऱ्यातला वाघ कोंडला गेला. माझ्या मांडीवरचा ओम म्हणाला, "पप्पा, दुखतंय." मी त्याचा दंड आवळून धरला होता.

दाजी बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "अगं, पाणी दे जरा."

अक्काचे हात थांबले. "एकच घोट उरलाय तांब्यात. संध्याकाळला काय पिणार?"

"दे."

तिने तांब्या आणून दिला. त्यांनी तो घोट तोंडात धरून ठेवला आणि हळूहळू गिळला. तांब्या परत घेताना अक्काने श्रेयाकडे बघून मान हलवली. नको, अशी. श्रेयाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर दिली, पण तोंड उघडलं नाही. मी काय सांगणार होतो? दोन्ही बाजूंनी मला बोलायचं होतं.

श्रेयाने एक बकरी उचलली आणि पार एकटी, उघड्यावर नेऊन ठेवली.

"दीदी, तिथं मरंल ती!" ओम ओरडला.

दाजींचा हात वाघावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी उडी मारली नाही.

"कोणी सांगितलं तुला?"

अक्का दारातून म्हणाली, "अहो, लेकरू हाये. चुकलं असंल."

"लेकरू बिलकुल चुकत न्हाई. मी बघून राह्यलो दहा दिवसांपासून." दाजींचा आवाज चढला. एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "पाणी तुम्ही मोजून देता. मीठ काढून घेतलं. चपलासुद्धा पायात घालून देता. मी काही बोललो का? पण इथं? या फरशीवर बी मला सांभाळून घेता? मेलो का मी?"

श्रेयाचे डोळे भरून आले. सुनीता म्हणाली, "जाऊ द्या दाजी, उठ गं श्रेया, आंबे कापू." श्रेया उठू लागली.

आणि माझं डोकं फिरलं. अक्कावर, सुनीतावर, दाजींवर, सगळ्यांवर. मी ओरडलो, "खाली बस! ती बकरी माघारी घे आणि कोंड त्यांना! त्यांनी कोणाला सोडलं होतं?"

अक्काने कपाळाला हात लावला. दाजींनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठून आत जातील. पण ते हसले. त्या उन्हाळ्यात मी त्यांना हसताना एवढंच पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "या घरात हा एकटा खरं बोलला. उचल पोरी ती बकरी. खेळ."

श्रेयाने बाहीने डोळे पुसले आणि बकरी उचलली. पुढचा डाव मला नीट आठवत नाही, फक्त तिची बोटं आठवतात. चिंचोका सोडायच्या आधी ती प्रत्येक रेघ बोटाने तपासायची. दाजींनी अजून दोन मारल्या. ते शेवटपर्यंत चावत राहिले. मग तिने एक चिंचोका ठेवला आणि हात मागे घेतला.

दाजींनी दुसऱ्या वाघाभोवतीच्या रेघा एकेक करून बोटाने तपासल्या. पुन्हा एकदा तपासल्या. "कोंडले," ते म्हणाले. दोन्ही गोटे उचलून सदऱ्याला पुसले आणि तिच्या तळहातावर ठेवले. तिने मूठ मिटली तरी ते काही क्षण तिची मूठ धरून होते. मग चिंचोके स्वतःकडे ओढत म्हणाले, "परत मांड. आता बकऱ्या माझ्या."

तीस-पस्तीस वर्षांत मी त्यांना बकऱ्यांच्या बाजूला बसलेलं पाहिलं नव्हतं. ते हरत होते आणि प्रत्येक मेलेल्या बकरीला "अरारा!" म्हणत होते. माझ्याशी ते एकदाही त्या बाजूने खेळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडीत, भोकरदन मागे पडल्यावर, श्रेयाने मुठीतले गोटे दाखवून विचारलं, "पप्पा, खरं सांगा. त्यांनी मुद्दाम तर नाही ना दिले?"

सुनीताने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्यांनी पाणी मागितलं होतं, आठवतं? अडचणीत आल्याशिवाय ते मागत नाहीत. आणि तो शेवटचा घोट होता. नाटकासाठी कोणी तो मागत नाही."

तिने गोटे खिशात ठेवले.

दिवाळीच्या आधी दाजी गेले. माझ्या आवारात ते आले नाहीत ते नाहीतच. मी ते विसरलेलो नाही आणि विसरावं असं मला वाटतही नाही. तेराव्याला लोक म्हणाले, माणूस कडक होता पण मनाने चांगला. मला ते पटलं नाही. दाजी कडक होते, एवढंच. त्याला 'पण' जोडलेलं त्यांना आवडलं नसतं.

यंदा मे महिन्यात पोरं कुठे गेली नाहीत. अक्काच आमच्याकडे जालन्याला आली. श्रेयाने गॅलरीच्या फरशीवर खडूने पट काढला आणि खिशातून दोन काळे गोटे काढले. ओमला तिने एका दुपारी इतकं हरवलं की तो जेवला नाही. मग मला बसवलं. दिवसभर मी चार जिल्ह्यांतल्या माणसांशी भाव करतो, कोणी मला एक पैसा सोडत नाही आणि मीही सोडत नाही. पण स्वतःची पोरगी, वाटलं, बापाला एखादी बकरी सोडेल.

तिने सोडली नाही. माझ्या बकऱ्या तिच्या गुडघ्याशी ओळीत पडू लागल्या. मी पटाकडे बघत राहिलो. कुठेच वाट दिसेना.

"अक्का," मी आत हाक मारली, "पाणी दे गं जरा."

अक्का काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली. तिने पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "पी," ती म्हणाली, "पोटभर पी."

मी तांब्या तोंडाला लावला. श्रेयाने मेलेल्या बकऱ्या बोटाने माझ्याकडे ढकलल्या.

"परत मांडा, पप्पा."