चौदा पांढऱ्या बाटल्या

स्वच्छता माझ्या हाडात आहे, आणि त्या शनिवारी तीच माझ्या मुळावर उठली.

मुलुंडच्या एका शाळेत मी कंत्राटी सफाईवाली. खाली शाळा, वर ज्युनिअर कॉलेज. बारा वर्षं मी तळमजल्यावरचे संडास आणि मुताऱ्या धुतल्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधले अटेंडंट काका रिटायर होऊन मालवणला गेले, त्यांची जागा काही भरली गेली नाही, आणि केमिस्ट्रीच्या मॅडमनी मला वर मागून घेतलं. काम काय, तर टेस्ट ट्यूब धुवायच्या, बर्नर पुसायचे, बाटल्या द्यायच्या नि जागेवर ठेवायच्या. पगार तोच, छदाम वाढला नाही. पण वर मला कोणी "ए बाई, पाणी टाक गं नीट" म्हणत नव्हतं. पोरंपोरी "मावशी, प्लीज" म्हणायची. त्या प्लीजसाठी मी तीन मजले रोज दहादा चढले असते.

कंत्राटदाराच्या सुपरवायझरला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. "सातवी पास आणि लॅबमध्ये! बघू किती दिवस टिकतेस," असं तो येता-जाता ऐकवायचा. एक चूक झाली की मी परत खाली, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि चूक मी अशी केली की विचारता सोय नाही.

सोमवारी बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती, बाहेरून परीक्षक येणार होते. त्यात पोरांना एकेक चिमूट सॉल्ट देतात. सॉल्ट म्हणजे आपलं जेवणातलं मीठ नव्हे, त्याची सगळी भावंडं. हे कोणतं सॉल्ट आहे ते पोरांनी शोधून काढायचं. आता देणाऱ्यालाच माहीत नसेल की आपण काय दिलं, तर मार्क कशाचे देणार?

शनिवारी सकाळी मॅडम म्हणाल्या, "मावशी, सॉल्टच्या बाटल्यांवर धूळ बसलीय, जरा पुसून घ्या." पुसून! ऐकायला काय मी बहिरी होते? पण मला वाटलं, बाहेरचा माणूस येणार, नुसतं पुसून कसं भागेल? टबात गरम पाणी घेतलं, साबणाचा चुरा टाकला, बुचं घट्ट लावली आणि बावीसच्या बावीस बाटल्या आत सोडल्या. लोणच्याच्या बरण्या मी अशाच धुते. पाच मिनिटांनी येऊन बघते तर बाटल्या लख्ख, आणि वर पाण्यात कागद तरंगतायत. काकांनी वर्षानुवर्षं डिंकाने चिकटवलेली लेबलं ती. एकेक वेचून वर्तमानपत्रावर वाळत घातली. एकवीस निघाली, एकाचा पार लगदा झाला होता. बाटल्या होत्या, लेबलं होती, पण कुणाचं कुठलं ते कोण सांगणार?

"मावशी, काय केलंत हे!" मॅडम दारातूनच ओरडल्या. "वाट लागली! पूर्ण वाट लागली माझी!" चांगल्या घरच्या, मुलुंडमध्येच वाढलेल्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी काकांना मालवणला व्हिडिओ कॉल लावला. काका माडाखाली खुर्ची टाकून बसलेले. "अगो बाय," ते म्हणाले, "माका सगळा तोंडपाठ होता, पण खंयची बाटली खंय होती ता बघल्याशिवाय कसा सांगू?" आणि जागा तर मीच हलवल्या होत्या. लिहून काही ठेवलं नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांसारखंच, सगळं डोक्यात.

बातमी खाली पोचायला किती वेळ लागतो? सुपरवायझर वर आला, टब बघितला, हसला. "सोमवारी परीक्षा झाली की प्रिन्सिपल सरांना घेऊन येतो. मंगळवारपासून तू खाली." मी बेसिनकडे तोंड करून रडले. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडले. संडास धुण्याची मला लाज नव्हती कधी, त्यावर मी दोन पोरं शिकवली. पण एकदा वर आल्यावर परत खाली जायचं, आणि तेही अडाणी म्हणून, हे मला गिळवत नव्हतं.

मॅडमनी थोडा वेळ रडू दिलं. मग खुंटीवरचा ॲप्रन माझ्या अंगावर टाकला. "पुरे आता. बारावीची पोरं जे करतात ते आपण करायचं. बावीस वेळा. घाला तो."

रंगीत बाटल्या झटक्यात लागल्या. निळं ते कॉपर सल्फेट, हिरवट ते निकेलचं, गुलाबी ते कोबाल्टचं, असे आठ गडी मॅडमनी डोळे मिटून ओळखले. उरल्या चौदा. चौदाही पांढऱ्या. कुणी पिठासारखं, कुणी साखरेसारखं, पण पांढरं ते पांढरं.

टेबलाशी बसवून मॅडमनी आधी मला मुळाक्षरं शिकवली. "प्रत्येक सॉल्टमध्ये दोघं असतात. एक देणारा, एक घेणारा. देणारा बहुतेक धातू असतो. नाव लिहिताना देणाऱ्याचं आधी, घेणाऱ्याचं मागून. झिंक सल्फेट. कॅल्शियम क्लोराइड."

"मॅडम," मी म्हटलं, "देणाऱ्याचं नाव आधी लावतात अशी जगात ही एकच जागा असेल."

त्या दिवसभरात त्या तेव्हा पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, की कोण किती देतो नि कोण किती घेतो, त्याचा आकडा ठरलेला असतो, आणि देणं-घेणं बरोबर मिटलं पाहिजे. झिंक दोन देतो, सल्फेट दोन घेतो, मिटलं. पण झिंकसमोर क्लोराइड आला तर? तो एकच घेतो. मी म्हटलं, मग दोन क्लोराइड बसवा की पंगतीला, भाकऱ्या दोन आहेत तर खाणारे दोन हवेत. "हेच!" मॅडम टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "हेच मी वर्षभर वर्गात बोंबलतेय!" मला इतका आनंद झाला की रडलेलं विसरले.

शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार आम्ही दोघी त्या लॅबमध्ये होतो. नवरा साकीनाक्याला लेथवर काम करतो, त्याची रविवारी सुट्टी. त्याला फोन करून सांगितलं, आज भात तूच लाव. "परीक्षा पोरांची का तुझी?" तो म्हणाला. माझीच, मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

मॅडम करायच्या आणि मी बघायचे, असं पहिल्या दोन बाटल्यांना झालं. तिसरीला त्यांनी नळी माझ्या हातात दिली. चिमूट पाण्यात विरघळवायची, थोडं या नळीत, थोडं त्या नळीत. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून दूध फाटल्यासारखं झालं तर क्लोराइड. ॲसिड टाकल्यावर सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं तर कार्बोनेट. तारेवर घेऊन जाळात धरलं की जाळाचा रंग बदलतो, त्यावरून काही धातू कळतात. पाचवी बाटली बघताच मी म्हणाले, हिला पावसाळ्यात पाणी सुटतं, बूचसुद्धा चिकटतं. मॅडमनी तपासलं तर कॅल्शियम क्लोराइड. "तुम्हाला कसं माहीत?" त्या म्हणाल्या. अहो, रोज पुसणारी मी!

आठव्या बाटलीचं बूच त्यांनी उघडलं मात्र, मी लांबूनच ओरडले, "मॅडम, थांबा! ही मुतारी आहे."

"काय?"

"मुतारीचा वास. बारा वर्षं धुतल्यात मी. झोपेत असले तरी ओळखीन."

मॅडमनी हाताने वारा घेऊन हुंगलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "अमोनियम," त्या हळूच म्हणाल्या. ॲसिड टाकलं तर फसफसलंही. अमोनियम कार्बोनेट. मग त्यांनी मला सांगितलं, की मुतारीत येतो तो वास अमोनियाचाच, आणि पोरांना तो ओळखायला त्या वर्षभर शिकवतात. खालची बारा वर्षं मी आजवर नुसती नाक दाबून मोजत होते. त्या वासाचं नाव कळलं तेव्हा छातीत काहीतरी मोकळं झालं, काय ते मला नीट सांगता येणार नाही.

रविवारी दुपारपर्यंत तेरा झाल्या. चौदावी होती ती लगदा झालेल्या लेबलाची. सगळं मीच केलं. एका नळीत खिमटीसारखा पांढरा गाळ आला. मॅडम म्हणाल्या, ॲल्युमिनियम. दुसऱ्या नळीत बेरियमचे थेंब टाकल्यावर पांढरं खाली बसलं, ते ॲसिडलाही दाद देईना. म्हणजे सल्फेट. "आता लेबल नवीन लिहायचं आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही लिहा."

ॲल्युमिनियम देतो तीन, सल्फेट घेतो दोन. झाली का पंचाईत! तीन दोनांत कसे मिटवायचे? मॅडमनी कागदावर दोन बाण एकमेकांवरून काढले. याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा याच्या पायाशी. दोन ॲल्युमिनियम मिळून सहा देणार, तीन सल्फेट मिळून सहा घेणार. पटलं. मी जीभ दातात धरून लिहिलं: Al₂SO₄₃.

मॅडम पोट धरून हसल्या. "मावशी, त्रेचाळीस ऑक्सिजन? कुठून आणणार एवढे? सल्फेटचं आधी गाठोडं बांधा, मग बाहेर तीन लिहा." मग मी कंस घातला. Al₂(SO₄)₃. लेबल चिकटवलं आणि या खेपेला वरून मेणबत्ती घासली, म्हणजे पुन्हा कुणी माझ्यासारखी शहाणी आली तरी निघायला नको.

सोमवारी परीक्षा सुरळीत पार पडली. पोरांनी जे शोधलं आणि आम्ही जे दिलं, ते जुळलं. परीक्षक चहा पिऊन गेले. आणि मग आमचे प्रिन्सिपल सर वर आले, पाठोपाठ सुपरवायझर.

"सर, चूक माझी होती," मॅडम पुढे होऊन म्हणाल्या. "मी नीट सांगितलं नव्हतं..."

"नाही सर," मी म्हटलं. बोलू नये तिथे बोलायची माझी खोड आहे. "लेबलं मी धुतली. आणि परत लावली तीही मीच, मॅडमनी शिकवली तशी. विचारा काय विचारायचं ते."

सर इतिहासाचे. त्यांनी फळीवरची एक बाटली उचलली, लेबलावर तळहात ठेवला आणि माझ्यासमोर धरली. आत पांढरी पूड. "सांगा, यात काय आहे?"

"नुसतं बघून नाही सांगता येणार, सर."

सुपरवायझर फस्सकन हसला. "बघितलंत ना सर? दोन दिवस शिकवलं म्हणे!"

"चौदाही पांढऱ्याच आहेत," मी म्हणाले. "बघून सांगेल तो थापा मारतोय समजा. चिमूटभर पूड द्या आणि दहा मिनिटं."

मॅडमनी नुसती तार माझ्या हातात दिली. सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "घ्या दहा मिनिटं."

बर्नर पेटवताना दोन काड्या फुकट गेल्या. तार जाळात धरली तर जाळ लालबुंद झाला, कॅल्शियमसारखा विटकरी नव्हे, चांगला गर्द लाल. स्ट्रॉन्शियम. मग पाण्यात विरघळवलं, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दूध फाटलं. मी कागद ओढला आणि लिहिलं, SrCl₂. "स्ट्रॉन्शियम क्लोराइड, सर. स्ट्रॉन्शियम दोन देतो, क्लोराइड एकच घेतो, म्हणून क्लोराइड दोन."

सरांनी हात काढला. लेबल वाचलं. माझा कागद वाचला. पुन्हा लेबल वाचलं. मग बाटली फळीवर ठेवली आणि दाराशी जाऊन सुपरवायझरला म्हणाले, "खाली दुसरं माणूस लावा. ह्यांना इथे काम आहे."