पिंजलेली सावली

मंगळवारी सकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि शेजारच्या खोलीतली ट्यूब लागली नाही.

चाळीत माझी खोली त्यांच्या खोलीला लागून. मी निवृत्त शिक्षक. माझे शेजारी कापड गिरणीत वायरमन, दुसऱ्या म्हणजे दुपारच्या पाळीचे. कुठलाही दिवा दिसला की ते त्याखाली तळहात धरायचे आणि पडलेल्या सावलीकडे बघत राहायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली, उघड्या पुस्तकावर हात धरला. "मास्तर, सावली कापल्यागत पडतीय. डोळे जातील की. सावली कशी, पिंजलेल्या कापसागत पाहिजे." असा माणूस तुमच्याही शेजारी राहून गेला असेल, नमस्कार करायच्या आधी घरातली दुरुस्ती काढणारा.

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. अक्कांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली आणि डावा डोळा मिटेनासा झाला. उजेड सोसत नसे, म्हणून त्यांची खाट आतल्या खोलीत होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसभर समोर भिंत. अक्का अक्कलकोटकडच्या, माहेरच्या तळ्याविषयी तेवढं बोलायच्या. एका रविवारी ते त्या तळ्यातलं लांब पट्टीसारखं पाणगवत डब्यातून घेऊन आले. लोखंडी पट्ट्यांत काचा बसवून दोन फुटांची टाकी घरीच केली, विहिरीतले चार गप्पी मासे सोडले आणि टाकी खाटेसमोर ठेवली.

आठवड्यात गवत पिवळं पडलं. अक्का टाकीकडे बघायच्या थांबल्या. त्यांनी वर शंभरचा बल्ब टांगला. पाणी कोमट झालं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले आणि अक्कांच्या डोळ्याला धार लागली. गवताला उजेड हवा होता आणि अक्कांना तो नको होता.

नवी पेठेतल्या विजेच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी एकेक ट्यूब लावायला सांगितली आणि प्रत्येकीखाली हात धरला. दुकानदार वैतागला. "हात दाखवायचा तर जोश्याकडं जावा की! माझ्या ट्यूबा कशाला जाळताय?"

"सावली कापतीय हो," ते म्हणाले. एकही घेतली नाही. नवी घेणं तसंही परवडणारं नव्हतं.

परतताना ते रस्त्यातच थांबले. गिरणीत मागांवर तुटलेला धागा दिसायला लख्ख उजेड लागतो. ट्यूबची टोकं काळी पडून उजेड मंदावला की ती उतरवतात. अशा कितीतरी ट्यूबा त्यांनीच भंगारात टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून त्यांनी त्यातली एक घरी आणली. ट्यूब चार फुटांची, टाकी दोन फुटांची. चाळ बघायला लोटली. "थोरल्याचा सदरा धाकट्याला घातलाय की!" कुणीतरी म्हणालं. ते हसले आणि उरलेले दोन फूट पत्र्याने झाकले. मग तळहात धरला. सावलीला कड नव्हती. त्यांनी अक्कांकडे पाहिलं.

"साकु," अक्का कानडीत म्हणाल्या. एवढा उजेड पुरे.

गवत सावरलं. मग अक्कांना आवडतं म्हणून ते ट्यूब दिवसरात्र ठेवू लागले. महिन्यात पाणी उसाच्या रसासारखं झालं, काचेवर शेवाळ चढलं. ते पायरीवर डोकं धरून बसले आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "माणसाला दोन पाळ्या लागोपाठ उभं केलं तर हातून धागे तुटतात, मास्तर. आपण गवताला तीन पाळ्या उभं केलंय की."

त्या दिवसापासून पहिल्या पाळीच्या भोंग्याला ट्यूब लागायची. दुसऱ्या पाळीच्या इशाऱ्याचा भोंगा झाला की बंद व्हायची. "सुटली बघ पाळी," असं म्हणत ते अक्कांच्या डोळ्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवायचे आणि कामाला निघायचे. हे काही वर्षं चाललं. एकही दिवस चुकला नाही.

त्या मंगळवारी ते अंगणातल्या नळावर बादली भरायला गेले, तिथेच बसले आणि उठले नाहीत. आम्ही धावलो. बादली भरून वाहत होती. आत जाऊन अक्कांना सांगायचं काम माझ्यावर आलं.

अक्का अंधाऱ्या टाकीकडे बघत होत्या.

"मास्तर, भोंगा झाला की मघाशी."

"हो, अक्का."

"दिवा लागला न्हाई."

मी वाक्य जुळवत उभा राहिलो. आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं होतं.

"सांगू नगा," त्या म्हणाल्या. "लावा तेवढा. गवताची पाळी चुकंल."

मी बटण दाबलं. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली.

महिन्याभरात अक्कांचे भाऊ त्यांना गावी घेऊन गेले. टाकी एस.टी.तून नेण्यासारखी नव्हती. ती माझ्याकडे आली. पुढच्या वर्षी ती ट्यूब गेली. मी नवी पेठेत त्याच दुकानात गेलो आणि नकळत दिव्याखाली हात धरला. दुकानदाराने माझ्या हाताकडे पाहिलं. "ते मिलवाले?" मी मान डोलावली. तो स्टुलावर चढला, स्वतःच्या गल्ल्यावरची काळ्या टोकांची ट्यूब उतरवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

टाकी आता माझ्या टेबलाशेजारी आहे. मासे उरले नाहीत. भोंग्याला मी ट्यूब लावतो, भोंग्याला बंद करतो. अधूनमधून अक्कांचं कार्ड येतं, भावाच्या अक्षरात. त्यात एकच प्रश्न असतो. मी उत्तर पाठवतो: गवत हिरवं आहे.