सगळ्यांच्या मापाचं हेल्मेट

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला, गेल्या रविवारी सकाळी, अकोटजवळच्या मोटोक्रॉस ट्रॅकवर. अन्याय करणारा मीच, अमरावतीत चौकाचौकात हेल्मेटची पत्रकं वाटणारा. तिच्या पहिल्या सरावासाठी हेल्मेट मी एकटाच जाऊन आणलं, स्वतःच्या डोक्यावर बसवून, घरात सगळ्यांना चालेल असं ऐसपैस. पहिल्याच उडीत ते तिच्या डोळ्यांवर उतरलं आणि ती गाडीसकट मातीच्या ढिगात गेली. नशिबानं कोपरच सोलवटलं.

उठली ती ओरडतच. "दादा, हे हेल्मेट हाय का भात शिजवाचा गंज? डोकं माहं, मंग माप तुहं काहून घेतलं?"

मापाबद्दल माझ्या एकाही पत्रकात ओळ नव्हती. म्हणून सांगतो, ज्याचं डोकं त्यालाच दुकानात न्या. पट्टा बांधून हेल्मेट हलवा; सोबत गालाची कातडी हलली नाही, तर ते सैल आहे, दुकानातच ठेवा.