उकळलेली बाटली

बारामतीत एका लहान दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी रक्त, लघवी, थुंकी तपासायची. रोज सकाळी कामांची यादी लिहायची, झालेल्या कामापुढे खूण करायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझा थोरला भाऊ आमच्या गावाहून, बावड्याहून येऊन दवाखान्यात दाखल झाला, त्या दिवसाची यादी अजून माझ्याकडे आहे. ताप, डोकेदुखी, मान आखडलेली. मणक्यातलं पाणी काढणे.

त्या पाण्यात मला पेशी थोड्या जास्त दिसल्या, जंतू एकही नाही. डॉक्टरांना मेंदूच्या क्षयाचा संशय होता. पुण्यात तेव्हा नवी तपासणी निघाली होती. क्षयाच्या जंतूच्या डीएनएचा बारीकसा तुकडा असला तरी यंत्र एकाचे दोन, दोनाचे चार करत जातं. मग रंग घालून अतिनील दिव्याखाली धरलं की रुग्णाच्या रकान्यात त्या तुकड्यांची रेघ उजळते.

मी यादी केली. थर्मास, बर्फ, चिठ्ठी, पहिली एसटी, बाटली. आमच्याकडे पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या असत. धुवायच्या, वीस मिनिटं उकळायच्या, पुन्हा वापरायच्या. चांगली काच फेकणं मला पटत नसे. ‘बाटली उकळून’ यापुढे मी खूण केली.

दादा खाटेवरून म्हणाला, “माझ्या डोक्यातलं पाणी पुण्याला निघालं आन् मी हितंच.”

रिपोर्टला फोटो चिकटवलेला होता. काळ्या कागदावर दादाच्या रकान्यात एक लख्ख रेघ. क्षयाची औषधं सुरू झाली. त्यानंतर दुसरं काही शोधावं असं कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. वहिनी आल्यागेल्याला सांगायची, वन्संमुळं रोग सापडला.

पाच आठवडे ताप हटला नाही. दादाला एका डोळ्यानं दिसेना, तेव्हा त्याला पुण्याला हलवलं. तिथं नव्या प्लॅस्टिकच्या नळीत पुन्हा पाणी घेतलं. रिपोर्ट आणायला मीच गेले. तिथल्या तपासनिसानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. नव्यात दादाचा रकाना काळा होता.

“मागची बाटली नवी होती?”

“उकळलेली होती.”

“आधी तिच्यात काय होतं?”

मला आठवायची गरज नव्हती. क्षयाच्या रुग्णांची थुंकी आम्ही त्याच बाटल्यांत ठेवायचो. उकळून जंतू मरतो, पण त्याच्या डीएनएचे तुकडे काचेला राहतात, असं त्यानं शांतपणे सांगितलं. म्हणजे यंत्रानं वाढवला तो दुसऱ्याच कुणाचा तरी क्षय.

त्याच दुपारी तिथल्या डॉक्टरांनी दादाच्या पाण्यात काळ्या शाईचा थेंब मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली; खरा रोग तो होता. ती शाई आमच्या कपाटात होती. मी बारामतीतच पाच मिनिटांत पाहू शकले असते. बुरशीचं औषध सुरू केलं. नवव्या दिवशी दादा गेला.

बारामतीला आल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट फायलीत लावला आणि पुढचा पेशंट बोलवायला सांगितला. जुन्या बाटल्या मी त्याच दिवशी फोडल्या.

तेराव्याला बावड्यात बायकांसमोर वहिनी माझा हात धरून म्हणाली, “वन्सं, तुमी व्हता म्हणून निदान रोग तरी कळला.”

मी मान हलवली. रात्री यादीत लिहिलं, ‘वहिनीला सांगणे.’ झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या यादीत उतरवलं, मग नव्या वर्षाच्या वहीत. तशा पुष्कळ वह्या झाल्या. वहिनी आता माणसं ओळखत नाही.