सव्वादोनच्या बांगड्या

हलिमाबी मनियारीण आमच्या पिंगळीत यायची ती डोक्यावर बांगड्यांची पाटी आणि तोंडात दहा गावच्या बातम्या घेऊन. बांगड्या काय, परभणीच्या बाजारातही मिळत. पण कुणाची लेक सासरी कशी आहे, हे तिथला दुकानदार कुठून सांगणार? आम्ही बायका तिच्याकडून बांगड्या भरायचो त्या निम्म्या बातम्यांसाठीच.

दर रमजानात ती रोज्यांशिवाय आणखी एक गोष्ट मनाशी धरायची. "उपाशी तर समदेच ऱ्हातेत," म्हणायची, "आपली एक तरी खोड मोडाया पाहिजे." एका वर्षी शिवी द्यायची नाही असं ठरवलं, ते चौथ्याच दिवशी एसटीत चढताना मोडलं. एका वर्षी पाचही वेळा नमाज धरली. गावोगाव फिरून पाय सुजले, तशी तीही सुटली. सत्त्याहत्तर साली रमजान आणि आमचा श्रावण जोडीनंच आले. त्या वर्षी तिनं ठरवलं, महिनाभर कुणाच्या पाठीमागं कुणाबद्दल बोलायचं नाही. बरं नाही, वाईट नाही.

मला हसूच आलं. म्हटलं, आठवडाभरात हिच्या पोटात दुखायला लागेल. पण या खेपेला ती टिकली.

पंचविसाव्या रोज्याला ती भर उन्हात आली आणि आमच्या ओसरीवर खांबाला टेकली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. माझ्या सासूबाई, धुरपताबाई, तिची वाटच बघत होत्या. आदल्या वर्षी त्यांनी लेक, मालन, देवगाव फाट्याच्या पलीकडं दिली होती. पंचमीला सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्या. मालनला मात्र सासरच्यांनी धाडलं नाही. हलिमाबीची फेरी त्या गावाला होती.

"हलिमाबाय, आमची मालन दिसली का?"

"दिसली."

"कशी हाय?"

हलिमाबी बांगड्या पुसत राहिली. "माझा नेमाचा महिना चालू हाय, धुरपताबाई. कुणाचं इचारू नका."

मला असा राग आला! इथं आईचा जीव टांगणीला आणि हिला पुण्य साधायची पडली. सासूबाईंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांना रडूच आलं. हलिमाबीनं नुसते डोळे मिटून घेतले.

शेवटी सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ऱ्हाऊ द्या. पोळ्याला आमचा दत्तराव जायलाय तिकडं. त्याच्यासंगं धाडते, डझनभर हिरव्या द्या. अडीचच्या."

लग्नाचा चुडा हलिमाबीनंच भरला होता, माप दोघींना पाठ होतं. तिचा हात अडीचच्या माळेवर गेला आणि थांबला. मग तिनं शेजारच्या सव्वादोनच्या काढल्या, मोजून दोऱ्यात ओवल्या आणि सासूबाईंच्या हातात दिल्या.

"अवो, ह्या लहान हायत्या."

"ह्याच न्या. येतेत तिला."

सासूबाई त्या बांगड्यांकडं बघतच राहिल्या. वर्षभरात बाईचं हाड बारीक होत नसतं, अंगावरचं मांस झडतं. "खायाला देत न्हाईत का वो तिला?" त्यांनी विचारलं. हलिमाबीनं पाटी उचलली आणि ती गेली.

आमचे मालक, दत्तराव, पोळ्यापर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी जाऊन बहिणीला घेऊन आले. मालननं पहिली भाकर खाल्ली ती मधे पाण्याचा घोटही न घेता.

ईद झाल्यावर हलिमाबी आली. तिच्यावर चिडले होते याची मला लाज वाटत होती. म्हटलं, "यंदा तुमचं पार पडलं. तोंडातून एक शबूद काढला न्हाई तुमी."

तिनं मालनचा हात मांडीवर घेतला.

"काय पार पडलं, बाई? दहाव्या रोज्याला ह्यो हात माझ्या हातात व्हता. तवाच कळलं व्हतं. ही म्हनली, आईला सांगू नका, अन् मलाबी बरंच वाटलं. म्हनलं, माझा महिना तरी ऱ्हाईल." तिनं मालनचं मनगट बोटांत धरलं. "पंधरा दिस मी सवाब, पुन्य, जमवायलते अन् उपाशी ही व्हती."

मग ती मालनच्या हाताला तेल चोळत बसली. पाटीवरचं फडकं काढायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.