उधन्याला चढणाऱ्यांची जागा

सुरतेत लिंबायतच्या एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, अमळनेरजवळच्या गावाला जायचो. कायम जनरलच्या डब्यात. गाडी थांबायच्या आत पप्पा खिडकीतून रुमाल टाकायचे. ज्याचा रुमाल पडला त्याची जागा, हा आमच्या गाडीचा कायदा. तरी पाचातले दोघेच बसायचे, आई बहुतेक संडासाच्या दाराशी पिशवीवर. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर तिला दहा मिनिटंही उभं राहवत नाही, म्हणून पाच वर्षं तिचं माहेर सुटलं होतं. तिकडे तिचे वडील खाटेला लागलेले. फोनवर एकच विचारायचे – "मंगल कधी येणार?"

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.कॉम. अंगात येणं, नजर, उतारा... यातलं काही कधी मानलं नाही, आजही मानत नाही. घडलं तेवढंच लिहिते.

गेल्या दिवाळीला मी माझ्या पगारातून रिझर्वेशन काढलं, आईचं आणि माझं. पप्पांना सुट्टी नव्हती. ते पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये आहेत. त्यांना सांगितलं तर हसून अहिराणीत म्हणाले,

"गावले जावाले रिझर्वेशन? जागा कोन धरी?"

"पप्पा, धरावी लागत नाही. नाव लिहिलेलं असतं."

"नाव वाचीसन लोक उठतस का?"

मी म्हटलं, शिकलेल्या माणसांवर थोडा विश्वास ठेवा. आई म्हणाली, "जाऊ द्या हो, ती शिकलीय ना."

निघायच्या दिवशी पप्पा सातच्या पाळीला गेले आणि आम्ही दोघी रिक्षाने उधना स्टेशनवर. आम्ही नेहमी तिथूनच चढतो, घरापासून सोपं पडतं. प्लॅटफॉर्मवर गाडीची अनाउन्समेंट झाली तेव्हा डबा बघायला मोबाईल उघडला. शेजारी एक गृहस्थ उभे होते, ते वाकून म्हणाले, "तिकीट तर सुरतपासून आहे. बोर्डिंग बदललं नाही?"

"उधना तर सुरतच्या पुढेच आहे ना, पैसे जास्तच भरलेत."

"बहन, सुरतला तुम्ही दिसला नाहीत की टीसी सीट दुसऱ्याला देतो. दिवाळीची गर्दी आहे... गेली समजा."

जनरलच्या तिकिटावर कोण कुठून चढतो हे कोणी विचारत नाही. रिझर्वेशनचा हा नियम मला माहीतच नव्हता. गाडी आली.

एस-चारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोन बाकांच्या मध्येही माणसं बसलेली. आईला पुढे घालून कशीबशी आत गेले. सतरा आणि अठरा, दोन्ही नंबर रिकामे. वर एक चौकड्यांचा रुमाल पसरलेला.

समोरच्या गुजराती काकी म्हणाल्या, "आवो बेन, बैठो. तुम्हारे पप्पा अभी उतरे. बाप रे, किसी को बैठने नहीं दिया. मेरी थैली भी उठवा दी."

"कौन पप्पा?"

"अरे, दुबले से. उँगलियाँ नीली. बोले, मेरी मंगल खड़ी नहीं रह सकती."

तेवढ्यात टीसी आला. मी मोबाईल पुढे केला, तर म्हणाला, "हो, कळलं. मी सीट देऊन टाकत होतो, पण तुमच्या वडिलांनी पीएनआर तोंडपाठ सांगितला. म्हणाले, पोरगी उधन्याला चढेल."

माझ्या पप्पांना स्वतःचा मोबाईल नंबर पाठ नाही. आणि ते तिकीट माझ्या फोनशिवाय कुठेच नव्हतं.

मी लगेच फोन लावला. मागे मशीनचा आवाज.

"पप्पा, तुम्ही कुठे आहात?"

"कोठे जासू? मशीनवर शे. तुनी माय बठनी का?"

"बसली."

"मंग झायं."

परत आल्यावर मी मिलच्या सुपरवायझरला विचारलं. अंगठा लावून हजेरी, सातपासून पाळी संपेपर्यंत. डबासुद्धा मशीनजवळच खाल्ला होता. सीटवरचा तो रुमाल मी घरी आणला होता. हिरव्या रंगाचा ओघळ, कोपऱ्याला बिडीचं भोक. पप्पांनी गळ्यातला स्वतःचा काढून शेजारी ठेवला. तोच ओघळ, तेच भोक. पप्पांनी दोन्ही उजेडात धरून पाहिले. मग म्हणाले, तीस वर्षं रंगात गेली, पण दोन डाग एकसारखे पडलेले मी कधी पाहिले नाहीत.

"मग हे काय?"

"तू शिकेल शे. तूच सांग."

काकींची चूक म्हणावी, तर टीसीचं काय? सगळा योगायोग म्हणावा, तर पीएनआरच्या दहा आकड्यांचं काय? ऑफिसात एक-दोघांना सांगून पाहिलं, ते हसले. त्यांच्या जागी मीही हसले असते. आता तिकीट काढताना बोर्डिंग उधना टाकते, एवढाच फरक पडलाय.

त्या दिवशी आई अमळनेरपर्यंत खिडकीशी बसून गेली. दुपारी तिच्या माहेरी पोचलो तेव्हा तिच्या वडिलांनी तिला ओळखलं, नावाने हाक मारली, आणि तिच्या हातून अर्धी भाकरी खाल्ली.